पुरे म्हटल्यावर

तुलूझला आल्यावर पहिल्याच आठवड्यात माई शेजारी जेवायला गेल्या आणि अर्धपोटी परत आल्या.

शेजारच्या मादाम ऐंशी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. उभं आयुष्य बालशाळेत शिकवण्यात गेलेलं. माई मांस-मासे खात नाहीत हे त्यांनी माईंच्या लेकीकडून आधीच विचारून घेतलं होतं आणि बटाट्याचा ग्रातँ केला होता. पातळ चकत्या, दूध, साय, लसणाचा वास, वर किसलेलं जायफळ, आणि हे सगळं भट्टीत तासभर मंद आचेवर शिजलेलं. वरचा थर खरपूस झालेला. माईंना तो फार आवडला. मादामनी आणखी वाढू का, असं विचारलं तेव्हा माईंनी रीतीप्रमाणे ताटावर आडवा हात धरला आणि मान हलवत "मेर्सी" म्हणाल्या. विमानात बसण्याआधी तेवढा एकच शब्द त्या शिकल्या होत्या. मादाम हसल्या आणि भांडं उचलून आत घेऊन गेल्या. मग चीजची फळी आली. माईंनी पुन्हा हात धरला. फळीही गेली.

घरी येऊन माईंनी पोळ्यांचा डबा उघडला तेव्हा लेकीच्या लक्षात आलं.

"आई, तू मान हलवून मेर्सी म्हणालीस ना? इथं त्याचा अर्थ 'नको' असा होतो."

"मी नकोच म्हणाले. पण त्यांनी परत विचारायला नको का?"

"तू नको म्हणालीस, त्यांनी ऐकलं. झालं की."

माईंना हे ऐकायला कठोर वाटलं. कराडच्या त्यांच्या घरात पहिलं 'नको' हा शिष्टाचार होता, दुसऱ्या 'नको'चा अर्थ 'थोडं वाढा' असा होता आणि तिसऱ्या वेळी पाहुण्यानं दोन्ही हात ताटावर पसरले तरी बोटांच्या फटीतून जिलेबी सरकवली जायची. पंगतीत माई वाढायला उभ्या राहिल्या की लोक कौतुकानं म्हणत, माईंच्या हातून कुणी रिकामं सुटायचं नाही. त्यात प्रेम होतं, यात शंका नाही. ज्या काळात भूक लागली तरी मागणं लाजिरवाणं वाटायचं, त्या काळात आग्रहानं कितीतरी माणसांची लाज राखली आहे. परक्या घरात पोटभर जेवायची परवानगी देण्याची ती एक रीत होती.

माई आल्या होत्या लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला. व्हिसा नव्वद दिवसांचा. सामानात डिंक, खारीक, खोबरं, अळीव, सुंठ. दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात आणता येत नाहीत, म्हणून तूप त्यांनी इथल्या बिनमिठाच्या लोण्याचं कढवलं, आणि ते इतकं सुरेख रवाळ झालं की दोन दिवस त्या फोनवर सगळ्यांना तेच सांगत होत्या. जावई विमानांच्या कारखान्यात, लेकही तिथेच. फ्रान्सच्या कायद्यानं पहिल्या मुलाच्या वेळी सोळा आठवडे रजा मिळते, सहा आधी आणि दहा नंतर. लेक रजेवर होती, दुपारी झोपायची. माईंची दुपार रिकामी. ग्रातँचा किस्सा मादामच्या कानावर गेला आणि त्या दुसऱ्याच दिवशी दारात उभ्या राहिल्या. लेकीला म्हणाल्या, तुझ्या आईला मी शिकवते. सगळी भाषा नाही, तेवढ्यासाठी दिवस पुरणार नाहीत. पोट भरल्यावर काय म्हणायचं आणि भरलं नसेल तर काय, एवढं तरी यायला हवं.

अशी शिकवणी सुरू झाली. माईंनी शंभर पानी वही घेतली. मादाम म्हणायच्या, माई ते देवनागरीत उतरवायच्या आणि पुढे प्रसंग लिहायच्या. जेवताना पुरे झालं की 'से बाँ, मेर्सी'. कुणी पेल्यात ओतत असेल तर नुसतं 'स्टॉप', आणि ते वेळेवर म्हणायचं, कारण ओतणारा तुमच्या तोंडाकडे बघत थांबलेला असतो. पोट भरल्याचं सांगायचं तर 'जे बियँ माँजे', मी छान जेवले. इथं माईंनी लेकीकडून ऐकलेल्या शब्दांची जुळवाजुळव करून 'ज स्वी प्लेन' असं वाक्य तयार केलं, म्हणजे मी भरले आहे. मादामनी घाईनं हात हलवला. ते गाभण गाईला म्हणतात, जेवलेल्या बाईनं स्वतःला म्हणायचं नाही. माईंनी ते वाक्य खोडून त्यावर दोन रेघा मारल्या.

रविवारी दोघी सँ-ओबँच्या चर्चभोवती भरणाऱ्या बाजारात गेल्या. शरद ऋतू लागला होता. म्वासाकची पिवळसर, पातळ सालीची द्राक्षं आली होती, अंजिरं आली होती, आणि ओताँ नावाचा आग्नेयेचा वारा इतका सुटला होता की विक्रेते एका हातानं छत्र्या धरून होते. चीजवाल्यानं पिरिनीजच्या तॉमच्या चाकावर सुरी टेकवली आणि विचारलं, "कॉम सा?" एवढं? मादामनी बोटांनी दाखवलं, थोडं कमी. सुरी सरकली. पुन्हा, कॉम सा? मादामनी मान डोलावली आणि मगच पातं खाली गेलं. माई हे टक लावून बघत होत्या. कापण्याआधी विचारणं आणि उत्तर ऐकून सुरी हलवणं, यात त्यांना एक अदब दिसली. प्रत्येक दुकानदार शेवटी विचारी, "ए आवेक ससी?" आणखी काही? त्याचं उत्तर 'स सरा तू', एवढंच. तिसऱ्या दुकानी माईंनी ते स्वतः म्हटलं. दुकानदारानं लगेच पिशवीला गाठ मारून पैसे सांगितले. गिऱ्हाईक 'एवढंच' म्हणालं आणि विक्रेत्यानं ते मान्य केलं, मध्ये 'घेऊन तर बघा' नाही, याचं माईंना अप्रूप वाटलं.

मग मादामनी बालशाळेत करत तशी पुठ्ठ्याची कार्डं केली आणि एका खाली एक मांडली. सगळ्यात वर शांत शब्द. 'सा इरा', राहू दे, चालेल. 'से बाँ', झालं. मधल्या कार्डावर 'सा स्यूफी'. हे खोडकर मुलाला म्हणतात, भुंकणाऱ्या कुत्र्याला म्हणतात. भांडण हाताबाहेर जाऊ लागलं की मोठ्या माणसालाही म्हणतात, पण जेवणाच्या टेबलावर यजमानाला कधीच नाही. त्याखाली 'जाँ ने असे', आता मला सहन होत नाही. माईंना हे पटकन पाठ झालं, शेवटचा शब्द कानाला मराठीच वाटायचा. त्याच्याही खाली 'जाँ ने मार', मला वीट आलाय. आणि तळाला 'रा-ल-बॉल', जे वर्तमानपत्रं संपाच्या आणि मोर्चांच्या बातम्यांवर छापतात.

"खालची मला कशाला लागतील?" माईंनी विचारलं. लेक भाषांतर करत होती.

मादाम म्हणाल्या, "म्हणायला लागू नयेत म्हणूनच दाखवतेय. वरची म्हटली आणि समोरच्यानं ऐकली, तर माणूस खालपर्यंत उतरत नाही."

बाळ झालं. मुलगी. सातव्या दिवसापर्यंत घरात शेपूचा, सुंठीचा आणि तुपाचा वास भरून राहिला. माई पहाटे उठून अळिवाची खीर करायच्या, न्याहारीला डिंकाचा लाडू, दुपारी तुपाची धार सोडलेली बाजरीची भाकरी, संध्याकाळी पुन्हा लाडू. बाळाला तेल, बाळंतिणीला तेल, खिडकी बंद, कानाला रुमाल. लेक म्हणायची, "आई, पुरे." माई म्हणायच्या, "अगं, अर्धा तर आहे." लेक म्हणायची, "आई, बास ना आता." माई म्हणायच्या, "मग दूध कसं येईल?" आणि अर्धा लाडू ताटलीत पडायचा.

बारशाला मादाम आल्या. पुरणपोळी, कटाची आमटी, बटाट्याची भाजी. मादामनी एक पोळी तुपाबरोबर सावकाश खाल्ली, पुरण कशाचं म्हणून विचारलं, हरभऱ्याची डाळ गोड करतात हे ऐकून थक्क झाल्या आणि ताटाच्या कडेला काटा ठेवून म्हणाल्या, "से बाँ, मेर्सी." माईंनी ते स्वच्छ ऐकलं. अर्थ कळला. ते शब्द त्यांच्याच अक्षरात वहीच्या पहिल्या पानावर होते. तरी त्यांनी दुसरी पोळी वाढली. मादाम क्षणभर ताटाकडे बघत राहिल्या आणि खाऊ लागल्या. माईंनी वर अर्धी आणखी वाढली. मादामनी तीही संपवली आणि शेवटच्या तुकड्यानं ताट पुसून घेतलं. माई तृप्त झाल्या.

त्यानंतर दोन दिवस मादामचं दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी माई आणि लेक बाळाला घेऊन गेल्या तेव्हा त्या शालीत बसून नुसतं भाज्यांचं पाणी पीत होत्या. पोट बिघडलं होतं. "मग ठेवायचं होतं ना ताटात," लेक म्हणाली. मादामनी मान हलवली. ताटात ठेवणं त्यांना जमत नाही.

मग त्या सांगू लागल्या. १९४२च्या नोव्हेंबरात जर्मन फौजा तुलूझमध्ये आल्या तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. पाव, साखर, लोणी, सगळं कार्डावर. मुलांच्या कार्डांवर वयाप्रमाणे जे-१, जे-२ अशी अक्षरं, आणि त्यावर आज किती ग्रॅम ते ठरायचं. बटाटे नाहीत म्हणून रुताबागा आणि तोपिनांबूर, म्हणजे एरवी जनावरांपुढे टाकायचे कंद, ते रोज. त्यांची आई टेबलावर सांडलेला पावाचा चुरा तळहातानं गोळा करून सुपात टाकायची. १९४४च्या ऑगस्टमध्ये शहर सुटलं, पण कार्डं सुटली नाहीत. ती १९४९ पर्यंत चालली. तोवर त्या तेरा वर्षांच्या झाल्या होत्या. "तेव्हापासून माझ्यापुढे ठेवलेलं मी टाकलं नाही. म्हणून मी आधीच सांगते, पुरे. ताटात पडल्यावर माझ्या हातात काही राहत नाही."

लेकीनं हे मराठीत सांगितलं. माई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "यांना माझंही सांग."

माईंचं माहेर माण तालुक्यातलं, दहिवडीच्या अलीकडचं. १९७२च्या दुष्काळात त्या चौदा वर्षांच्या होत्या. विहिरी कोरड्या, शेतं उघडी. आई-वडील रोजगाराच्या कामावर खडी फोडायला जायचे. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी ज्वारी मिळायची, तिच्या भाकरीला चव नसायची आणि तीही सगळ्यांना पुरायची नाही. रात्री आई चारही पोरांना वाढायची. "तू खा की," असं पोरं म्हणाली की सांगायची, "माझं झालं. मला पुरे झालं." पोरांना ते खरं वाटायचं. एका रात्री माई पाणी प्यायला उठल्या तेव्हा आई चुलीपाशी बसून परातीला चिकटलेलं पीठ बोटानं निरपून खात होती.

"तेव्हापासून," माई म्हणाल्या, "कुणी पुरे म्हटलं की मला ते खोटंच वाटतं."

लेकीला हे सांगताना थांबावं लागलं. आजीबद्दलची ही गोष्ट तिनं कधी ऐकली नव्हती. मादामनी माईंचा हात धरला. दोन्ही देशांतली ती दोन स्वयंपाकघरं एकमेकांना नीट ओळखत होती. एकानं ताट पुसायला शिकवलं होतं, दुसऱ्यानं ताट भरायला. दोन्ही गोष्टी उपाशी घरांतूनच आल्या होत्या, आणि एकत्र आल्यावर त्यांनी एका म्हातारीला आजारी पाडलं होतं.

त्या दिवसापासून मादामच्या बाबतीत माई सुधारल्या. पुढच्या वेळी थालीपीठ वाढताना त्यांनी उलथनं हवेत धरलं आणि चीजवाल्यासारखं विचारलं, "कॉम सा?" मादाम म्हणाल्या, अर्धं. माईंनी अर्धं वाढलं आणि उरलेलं स्वतःच्या ताटात घेतलं. परक्यांशी वागण्यातला बदल माणसाला तसा लवकर जमतो. तिथं आपण सावध असतो, शब्द कान देऊन ऐकतो. घरातल्या शब्दांची इतकी सवय झालेली असते की ते कानावर पडतात आणि निघून जातात.

एका दुपारी माई आणि लेक माता-बाल केंद्रातल्या परिचारिकेकडे बाळाचं वजन करायला गेल्या. वजन चांगलं होतं. अंगावरच्या दुधाला जोड म्हणून बाटली सुरू होती, ती तिथेच पाजायची वेळ झाली. अर्ध्यावर बाळानं तोंड फिरवलं. माईंनी बाटलीचं बोंडूक हलकेच ओठांत सरकवलं, अजून दोन घोट. परिचारिकेनं माईंच्या मनगटावर हात ठेवला. म्हणाली, तिला आता नकोय. माई म्हणाल्या, "तिला कुठं बोलता येतंय?" परिचारिकेनं बाळाची मूठ दाखवली. भुकेच्या वेळी घट्ट मिटलेली असते, आता सैल सुटलीय. मान फिरवलीय. एवढीशी असली तरी सांगतेय. आत्ता आपण ऐकलं नाही, तर आपल्या पोटाचं ऐकायचं ती विसरेल.

हे लेकीनं सांगितलं तेव्हा तिचा आवाज थोडा बदलला होता. माईंच्या ते लक्षात आलं नाही.

त्याच संध्याकाळी लेक आतल्या खोलीत फोनवर बोलत होती. मैत्रिणीशी, फ्रेंचमध्ये, भरभर. माई बाहेर दुपटी घड्या करत होत्या. त्यांना त्यातलं फार काही कळणार नव्हतं, आणि लेक त्या भरवशावरच मोकळी बोलत होती. पण मधूनच एक वाक्य आलं आणि माईंचे हात थांबले. जाँ ने मार. थोड्या वेळानं पुन्हा, रडवेल्या आवाजात. जाँ ने मार. आणि त्याच वाक्यात 'मामाँ' हा शब्द होता, जो कळायला कुठलीच वही लागत नाही.

पुठ्ठ्याच्या कार्डांत ते खालून दुसरं होतं.

रात्री माईंना झोप आली नाही. पोर इतक्या खाली कधी उतरली, हे त्या आठवू लागल्या. वरचे शब्द तिनं म्हटलेच नव्हते का? म्हटले होते. खिरीच्या वेळी म्हटले होते, तेलाच्या वेळी, खिडकीच्या वेळी, कानाच्या रुमालाच्या वेळी. आई पुरे. आई बास. आई राहू दे. आई खरंच नको. वही लागली नसती, उच्चार विचारावे लागले नसते, मायबोलीतले शब्द होते. आठवत गेल्या तसे ते वाढतच गेले, आणि एकाही ठिकाणी आपण थांबलो, असं त्यांना आठवेना. माहेरच्या चुलीपाशी बसलेली आई डोळ्यांपुढे आली. तिचं 'पुरे' खोटं होतं, कारण घरात अन्न नव्हतं. या घरात फडताळ भरलेलं होतं. लेकीला खोटं बोलायची गरज नव्हती.

सकाळी लाडवाचा डबा नेहमीप्रमाणे टेबलावर आला. लेकीनं अर्धा लाडू खाल्ला आणि सवयीनं, उत्तराची आशा न धरता म्हणाली, "आई, पुरे."

माईंनी डब्याचं झाकण लावलं.

लेकीनं वर पाहिलं. "काय झालं? रागावलीस?"

"नाही गं. तू पुरे म्हणालीस ना."

लेक बघतच राहिली. मग तिला काहीतरी उमगलं असावं, कारण तिनं एकदा आतल्या खोलीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "काल तू ऐकलंस..."

"ऐकलं. फ्रेंचमध्ये म्हणालीस म्हणून ऐकलं," माई म्हणाल्या. "मराठीत इतके दिवस सांगत होतीस, ते ऐकलं नव्हतं. आता सांग, तुला काय हवंय? मी मध्ये बोलणार नाही."

लेक चाचरत बोलू लागली. तिला साधा ताकभात हवा होता. खिडकी उघडी हवी होती. तेल रोज नको, एक दिवसाआड. आणि दुपारी दोन तास कुणी हाक न मारता झोप हवी होती. माई एकेका गोष्टीला मान डोलावत गेल्या. खिडकीपाशी त्यांची मान थांबली, ओठ हलले, पण त्या उठल्या आणि त्यांनी खिडकी उघडली. ओताँ वारा आत आला.

"आणि हा डबा?" माईंनी विचारलं. "आत ठेवू?"

"नको, इथेच राहू दे. मला लागला की मी घेईन."